वॉरन झीव्हॉनचा ‘स्टँड इन द फायर’ : नव्या श्रोत्याने हा लाइव्ह अल्बम कसा ऐकावा

वॉरन झीव्हॉन या अमेरिकन गीतकार-गायकाचा ‘स्टँड इन द फायर’ हा लाइव्ह अल्बम ऑगस्ट १९८० मध्ये लॉस एंजेलिसला लागून असलेल्या वेस्ट हॉलिवूडमधील ‘रॉक्सी’ या लहान सभागृहात ध्वनिमुद्रित झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीस ‘असायलम’ कंपनीने तो प्रसिद्ध केला. झीव्हॉनची ओळख करून घेऊ इच्छिणाऱ्या नव्या श्रोत्याला जाणकार सहसा त्याच्या निवडक गाण्यांचे एखादे संकलन किंवा १९७८ चा ‘एक्सायटेबल बॉय’ हा स्टुडिओ अल्बम सुचवतात. माझे मत वेगळे आहे. सुरुवात या लाइव्ह अल्बमपासून करावी, कारण स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रणात या गाण्यांवर जो गुळगुळीत मुलामा चढला होता तो येथे खरवडून निघाला आहे, आणि तो निघाल्यावर आत किती भक्कम रचना आहे हे कोलोरॅडोतल्या बारमध्ये वाजवून वाजवून मुरलेल्या एका बँडने दाखवून दिले आहे. हा अल्बम एकदा मन लावून ऐकला, की झीव्हॉनची बाकीची ध्वनिमुद्रणे कोणत्या कानाने ऐकायची याचा अंदाज आपोआप येतो. त्यासाठी पुढील पायऱ्या क्रमाने कराव्यात.

पायरी १ : योग्य आवृत्ती निवडा आणि ऐकण्याची मांडामांड करा

मूळ तबकडीवर दहा गाणी होती, प्रत्येक बाजूला पाच. सीडीचे युग आले आणि जवळजवळ संपतही आले, तरी हा अल्बम सीडीवर मिळत नव्हता. २००७ मध्ये ‘ऱ्हायनो’ या कंपनीने तो नव्याने स्वच्छ करून काढला आणि त्यात त्याच वेळची आणखी चार गाणी शेवटी जोडली. आज ऑनलाइन ऐकताना बहुतेकदा हीच वाढीव आवृत्ती समोर येते. पहिल्यांदा ऐकताना दहाव्या गाण्यापाशी थांबावे. दहावे गाणे कार्यक्रमाचा कळस म्हणून ठेवलेले आहे आणि त्याच्या पाठोपाठ लगेच आणखी गाणी सुरू झाली, तर तो कळस ओसरून जातो. त्या चार गाण्यांकडे आपण शेवटच्या पायरीत वळणार आहोत.

मोबाइलवरील अ‍ॅपमध्ये गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारी सोय आणि एका गाण्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीत मिसळणारी सोय, या दोन्ही बंद कराव्यात. लाइव्ह अल्बममध्ये दोन गाण्यांमधला श्रोत्यांचा गलका हा रचनेचाच भाग असतो. तो कापला गेला, की पुढच्या गाण्याची पहिली थाप अंगावर येत नाही. हेडफोनपेक्षा स्पीकर बरा, आणि आवाज नेहमीपेक्षा थोडा वर ठेवावा. हे संगीत सुमारे पाचशे माणसांच्या खोलीसाठी वाजवलेले आहे. हळू आवाजात ऐकले तर ढोल पुठ्ठ्यासारखे लागतात आणि बास गिटार तर जवळजवळ ऐकूच येत नाही.

पायरी २ : गायकाची जरुरीपुरती ओळख करून घ्या

झीव्हॉनचा जन्म २४ जानेवारी १९४७ रोजी शिकागोत झाला. त्याचे वाढते वय कॅलिफोर्नियात गेले आणि पौगंडावस्थेत त्याला खुद्द इगॉर स्ट्राविन्स्की या थोर रचनाकाराच्या घरी जाण्याची संधी मिळाली. अभिजात पाश्चात्त्य संगीताची ही ओढ त्याने आयुष्यभर जपली; त्याच्या रॉक गाण्यांतही पियानोचे स्वर कुठे ठेवायचे याची जी नेमकी जाण दिसते, तिचे मूळ तेथे आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी तो एव्हर्ली बंधू या गायक-जोडीच्या बँडचा पियानोवादक आणि संचालक होता. १९७० चा त्याचा पहिला अल्बम कोणाच्या लक्षातही आला नाही. पुढे जॅक्सन ब्राउन या गायक-मित्राच्या निर्मितीखाली १९७६ मध्ये ‘वॉरन झीव्हॉन’ आणि ब्राउन व गिटारवादक वॅडी वॉक्टेल यांच्या निर्मितीखाली १९७८ मध्ये ‘एक्सायटेबल बॉय’ हे अल्बम आले. यातल्या दुसऱ्या अल्बममधील ‘वेअरवुल्व्हज ऑफ लंडन’ हे गाणे अमेरिकेत गाजले. तेवढे लोकप्रिय गाणे त्याला पुन्हा कधी मिळाले नाही.

मात्र त्याची किंमत गीतकारांना नेमकी कळत होती. लिंडा रॉनस्टॅट या त्या काळच्या अत्यंत लोकप्रिय गायिकेने त्याची अनेक गाणी गायली आणि आपल्या १९७६ च्या अल्बमला त्याच्याच ‘हेसन डाउन द विंड’ या गाण्याचे नाव दिले. सामान्य श्रोत्यांत मर्यादित प्रसिद्धी आणि व्यवसायबंधूंत मोठा मान, अशी त्याची अवस्था शेवटपर्यंत राहिली. ७ सप्टेंबर २००३ रोजी तो फुफ्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाने गेला. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्याची दखल घेतली ती २०२५ मध्ये.

आणखी एक गोष्ट आधी ठाऊक असावी. १९७० च्या दशकात दारूच्या व्यसनाने त्याची पार दुर्दशा केली होती आणि १९८० च्या सुमारास तो त्यातून बाहेर पडण्यासाठी झगडत होता. हा झगडा त्या वर्षी जिंकला गेला नाही; दारू सुटली ती १९८६ च्या सुमारास आणि मधल्या काळात ‘असायलम’ कंपनीनेही त्याच्याशी करार संपवला. तरीही रॉक्सीच्या रंगमंचावर ऐकू येतो तो सगळी ताकद परत आलेला माणूस. हे लक्षात ठेवून ऐकले, की त्याच्या आरडाओरड्यातली आनंदाची धार जाणवते.

पायरी ३ : बँड कोणत्या मातीचा आहे हे समजून घ्या

नवा श्रोता येथे बहुतेकदा घाई करतो आणि थेट शब्दांकडे वळतो. तसे करू नये. या अल्बमचा निम्मा जीव बँडमध्ये आहे.

बँडचे नाव बोल्डर. कोलोरॅडो राज्यातल्या या मंडळींनी १९७९ मध्ये काढलेल्या स्वतःच्या अल्बममध्ये झीव्हॉनचे ‘जॉइन मी इन एल. ए.’ हे गाणे वाजवले होते, म्हणजे त्याची गाणी त्यांच्या हाताखालून आधीच गेली होती. झीव्हॉनने १९८० च्या दौऱ्यासाठी त्यांनाच सोबत घेतले. झीक झर्नगीबल गिटारवर, बॉब हॅरिस सिंथेसायझर व पियानोवर, रोबेर्तो पिन्योन बासवर आणि मार्टी स्टिंगर ढोलांवर, असा हा ताफा होता. त्यांच्या जोडीला मुख्य गिटारसाठी डेव्हिड लँडाऊ आला. ब्रूस स्प्रिंगस्टीन या रॉक गायकाचे व्यवस्थापक जॉन लँडाऊ यांचा तो भाऊ. झीव्हॉन स्वतः पियानो आणि गिटार दोन्ही वाजवत होता.

अमेरिकेत बार बँड म्हणून जो प्रकार ओळखला जातो, त्याचे शिक्षण फार कडक असते. संध्याकाळी सुरू झालेले वादन दुकान बंद होईपर्यंत तीन-चार फेऱ्यांत चालते. समोरची माणसे मुख्यतः प्यायला, गप्पा मारायला आणि नाचायला आलेली असतात. गाणे ऐकायला म्हणून कोणी आलेले नसते. ठेका सैल झाला की नाचणारे खुर्च्यांवर जाऊन बसतात, आणि असे दोन-तीनदा झाले की मालक त्या बँडला पुन्हा बोलावत नाही. त्यामुळे अशा बँडमधला ढोलवादक कौशल्य दाखवण्यापेक्षा ठेका पकडून ठेवायला शिकतो, गिटारवादक लांबलचक आलापी करण्याऐवजी आठ-बारा ठेक्यांत म्हणणे संपवतो, आणि सगळेजण गायकाच्या डोळ्यांकडे पाहत वाजवतात, कारण गायकाने कडवे चुकवले किंवा मध्येच बोलायला सुरुवात केली तरी खालचा ठेका चालू राहिलाच पाहिजे. आपल्याकडे गायकाची सवय झालेला तबलजी तान कुठे संपणार हे गायकाच्या आधी ओळखतो, तशीच ही समज असते.

आता उलट बाजू पाहावी. झीव्हॉनच्या स्टुडिओ अल्बमवर लॉस एंजेलिसमधले त्या काळचे सर्वांत महागडे आणि सफाईदार वादक होते. त्यांच्याविषयी मला पूर्ण आदर आहे. परंतु त्यांची सफाई झीव्हॉनच्या गाण्यांतल्या खुनशी विनोदाला थोडी मवाळ करते, हे मान्य करावे लागेल. बोल्डरला अशी सफाई साधायची नव्हती. ते जोरात, सरळ आणि एकदिलाने वाजवतात आणि गाण्यातले दात दिसू लागतात.

पायरी ४ : एकदा न थांबता संपूर्ण ऐका

चाळीसेक मिनिटे मोकळी काढा आणि पहिली दहा गाणी सलग ऐका. शब्द शोधू नका, अर्थ लावू नका, मागे जाऊन पुन्हा लावू नका. ध्वनिमुद्रणाची बाजू झीव्हॉनबरोबर ग्रेग लदानी यांनी सांभाळली आहे; जॅक्सन ब्राउन आणि टोटो हा रॉक बँड यांच्या गाजलेल्या अल्बमांचे तंत्रज्ञ म्हणून ते ओळखले जातात. त्यांनी श्रोत्यांचा आवाज ना पुसून टाकला ना फुगवला. खोली लहान आहे हे त्यामुळे कळते. रॉक्सी १९७३ मध्ये सनसेट स्ट्रिप या रस्त्यावर उघडली आणि पहिले कार्यक्रम नील यंग या गायकाचे झाले. पुढे अनेकांनी येथे लाइव्ह ध्वनिमुद्रणे केली, कारण येथे गायक आणि पहिली रांग यांच्यात अंतर असे उरत नाही.

या पहिल्या फेरीत एवढेच टिपावे, की कोणत्या गाण्याशी आपला पाय आपोआप हलू लागला. माझ्या अनुभवाने बहुतेक नव्या श्रोत्यांना पहिले गाणे आणि ‘लॉयर्स, गन्स अँड मनी’ ही दोन लगेच पकडतात, तर ‘मोहम्मेड्स रेडिओ’ दुसऱ्या-तिसऱ्या वेळी उलगडते.

पायरी ५ : तीन गाणी स्टुडिओतल्या मूळ गाण्यांशेजारी ठेवून ऐका

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. प्रत्येक गाणे आधी स्टुडिओतले आणि लगेच रॉक्सीतले, अशा जोडीने ऐकायचे आहे.

पहिली जोडी ‘एक्सायटेबल बॉय’ची. गाण्यातला मुलगा आधी विचित्र वागतो, मग चित्रपटगृहात एका मुलीच्या पायाला चावतो, पुढे एका मुलीचा खून करतो, आणि सुटून आल्यावर तिची कबर उकरून हाडांचा पिंजरा बनवतो. दर वेळी आजूबाजूची माणसे मात्र इतकेच म्हणतात, की मुलगा जरा उत्साही आहे. स्टुडिओत या भयंकर हकिकतीला १९५० च्या दशकातल्या गोड गाण्यांची चाल, सॅक्सोफोन आणि लिंडा रॉनस्टॅट व जेनिफर वॉर्न्स यांचे मधुर पाठीमागचे आवाज दिलेले आहेत. त्या गोडव्यामुळे सगळे म्हणणे दुरून केलेल्या थट्टेसारखे वाटते. रॉक्सीत ते मधुर आवाज नाहीत. पाठीमागे बँडमधले पुरुष खणखणीत गातात, पियानो हातोड्यासारखा पडतो आणि गोष्ट एकदम जवळ येते. थट्टा तीच आहे, पण आता ती आपल्या खांद्यावर हात ठेवून कोणी सांगत असल्यासारखी वाटते.

येथेच एक सूचना करणे आवश्यक आहे. झीव्हॉनच्या गाण्यांतला ‘मी’ आणि झीव्हॉन हे एक समजू नयेत. तो भाडोत्री सैनिक, गुन्हेगार, बापाच्या पैशांवर उड्या मारणारा उनाड पोरगा अशा माणसांच्या तोंडून बोलतो आणि त्यांच्यावर निवाडा देत नाही. हिंसा, आत्महत्येचे विचार आणि दारू यांचा उल्लेख वारंवार येतो. ज्यांना त्याचा त्रास होतो त्यांनी गाण्यांचे विषय आधी माहीत करून घेऊन मगच पुढे जावे.

दुसरी जोडी ‘मोहम्मेड्स रेडिओ’ची. १९७६ च्या मूळ गाण्यात सगळे लोक अस्वस्थ आहेत, महागाईने आणि कामाने पिचलेले आहेत, आणि रात्री कुठूनतरी रेडिओवर येणारे संगीत तेवढे त्यांना उभे करते. लिंडसी बकिंगहॅम आणि स्टीव्ही निक्स या गायकांचे सूर त्याला एक प्रकारची प्रार्थनेची झाक देतात. त्यात एका कडव्यात गावच्या पोलीस अधिकाऱ्याची चिंता येते, आणि आपली चिंता तो लोकांवर काढणार हेही येते. रॉक्सीत झीव्हॉनने या ओळी बदलल्या आहेत. पोलीस अधिकाऱ्याच्या जागी इराणचे सर्वोच्च नेते अयातुल्ला खोमेनी येतात आणि पुढच्या ओळीत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचेही दुःख येते.

हा बदल कळण्यासाठी तारखा डोळ्यांसमोर असाव्या लागतात. ४ नोव्हेंबर १९७९ रोजी तेहरानमधल्या अमेरिकन दूतावासावर कब्जा झाला होता. एप्रिल १९८० मध्ये ओलिसांना सोडवण्याची लष्करी मोहीम फसली होती. आणि ऑगस्टमध्ये हा कार्यक्रम चालू असताना ५२ अमेरिकन अजून ताब्यातच होते, तर कार्टर नोव्हेंबरच्या निवडणुकीला सामोरे जात होते. त्या काळी अमेरिकेतला सर्वसाधारण सूर अयातुल्लांविषयी उघड संतापाचा होता. झीव्हॉन मात्र एका ओळीत अयातुल्लांनाही अडचणी आहेत असे म्हणतो आणि लगेच आपल्या अध्यक्षालाही त्याच पंगतीत बसवतो. घोषणा नाही, उपदेश नाही. गावच्या फौजदाराची मूळ ओळ होती तिथेच, त्याच चालीत, जगातली सर्वांत मोठी बातमी अलगद बसते. नव्या श्रोत्याने हे कडवे दोन-तीनदा ऐकावे. त्यावेळी बँड काय करतो तेही पाहावे: तो आवाज चढवत नाही, ओळीला वाट देतो आणि ध्रुवपदाला एकत्र येऊन उचलतो. बारमध्ये मुरलेल्या वादकांनाही केव्हा कमी वाजवायचे हे पक्के ठाऊक असते, याचा हा पुरावा आहे.

तिसरी जोडी ‘वेअरवुल्व्हज ऑफ लंडन’ची. जुना भयपट पाहून एव्हर्ली बंधूंपैकी फिल एव्हर्लीने सुचवलेल्या कल्पनेवरून झीव्हॉन, वॅडी वॉक्टेल आणि लिरॉय मरिनेल यांनी हे गाणे रचले. पियानोवर तीनच स्वरमेळ फिरत राहतात, शेवटपर्यंत. स्टुडिओत ठेका धरायला फ्लीटवूड मॅक या बँडचे मिक फ्लीटवूड आणि जॉन मॅकव्ही आले होते आणि त्यांचा संथ, जड ठेका हेच त्या ध्वनिमुद्रणाचे मर्म आहे. रॉक्सीत ठेका अधिक आक्रमक आहे आणि झीव्हॉन शब्दांशी खेळतो: मूळ गाण्यात राणीबरोबर चालणाऱ्या भयपटातल्या नटांच्या जागी त्याचा मित्र जॅक्सन ब्राउन रस्त्यावरून चालत येतो, आणि फुफ्फुस फाडणारा लांडगा चक्क जेम्स टेलर या सौम्य गायकाच्या मागावर आहे असे सांगितले जाते. कॅलिफोर्नियातल्या हळव्या गीतकारांच्या ज्या वर्तुळात झीव्हॉन वाढला, त्याच वर्तुळावर हा प्रेमळ वार आहे. त्याचे हे नाते ज्यांना माहीत नाही त्यांना ही नावे नुसती भरतीची वाटतात. ज्यांना माहीत आहे त्यांना येथे त्याच्या स्वभावाचा नमुना सापडतो.

पायरी ६ : एका वेळी एकच वाद्य ऐका

कोणतेही एक गाणे निवडून ते सलग चार वेळा लावा. मी ‘लॉयर्स, गन्स अँड मनी’ सुचवतो, कारण त्याची मांडणी सरळ आहे. पहिल्या वेळी केवळ ढोल ऐका आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेवरचा फटका कुठेही ढळतो का ते पाहा. दुसऱ्या वेळी केवळ बास. तिसऱ्या वेळी दोन गिटारींपैकी कोणती ठेका धरते आणि कोणती मध्ये बोलते हे वेगळे करा. चौथ्या वेळी केवळ गायक, आणि तो ठेक्याच्या नेमका वर शब्द टाकतो की किंचित मागे राहतो, याकडे लक्ष द्या.

या गाण्याचा मजकूरही सोबत समजून घ्यावा. भलत्या बाईच्या नादाने परक्या हेरांच्या जाळ्यात सापडलेला, हवानात जुगार खेळलेला आणि आता होंडुरासमध्ये लपून बसलेला एक तरुण बापाकडे वकील, बंदुका आणि पैसे मागतो. शीतयुद्धाच्या काळातल्या अमेरिकेचे चित्र तीन छोट्या कडव्यांत येते. गिटारींचा दणका जितका उर्मट, तितका त्या पोराचा कांगावा अधिक उघडा पडतो. म्हणून हे गाणे या बँडच्या हातात मूळच्याहून चांगले झाले आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन.

पायरी ७ : उरलेल्या गाण्यांतली नवी-जुनी ओळखा

शीर्षकगीत ‘स्टँड इन द फायर’ आणि ‘द सिन’ ही दोन गाणी याच अल्बमसाठी होती. त्याच्या स्टुडिओ अल्बमांत ती नाहीत. दोन्ही सरळसोट रॉक गाणी आहेत. शब्दांच्या दृष्टीने ती झीव्हॉनच्या उत्तम गाण्यांत मोडत नाहीत, पण बँडला मोकळे सोडण्यासाठी ती चपखल आहेत.

‘जीनी नीड्स अ शूटर’ हे १९८० च्याच ‘बॅड लक स्ट्रीक इन डान्सिंग स्कूल’ या अल्बममधले गाणे ब्रूस स्प्रिंगस्टीनसोबत लिहिलेले आहे. सरहद्दीवरच्या जुन्या अमेरिकेची ही प्रेमकथा आहे. प्रेयसीचा बाप कायद्याचा माणूस, पळून जाण्याचा बेत ठरलेला, आणि शेवटी पाठीमागून गोळी लागून पडलेला प्रियकर पाहतो की जीनी बापाबरोबर घोड्यावरून निघून जात आहे. शेवटचे कडवे लक्षपूर्वक ऐकावे, कारण जीनी फसवली गेली की तिनेच फसवले, हे गाणे सांगत नाही.

‘पुअर पुअर पिटिफुल मी’ मध्ये रुळांवर डोके ठेवून गाडीची वाट पाहणारा माणूस आहे आणि त्या मार्गावरून आता गाडीच जात नाही. झीव्हॉन या गाण्यात मध्येच थांबून आपल्या दौऱ्याच्या व्यवस्थापकाला रंगमंचावर नाचण्याचे फर्मान सोडतो, आणि न नाचल्यास काय होईल याची धमकीही देतो. हा भाग येतो तेव्हा पायरी ३ मधले आठवावे: गायक बोलत आहे आणि खालचा ठेका तसूभरही हललेला नाही. ‘आय विल स्लीप व्हेन आय अ‍ॅम डेड’ मध्ये पिणाऱ्याची बढाई आहे. व्यसनाशी झगडणारा माणूस ती गात आहे हे ठाऊक असल्याने तिच्यातला पोकळपणाही त्याच वेळी ऐकू येतो.

पायरी ८ : शेवटच्या गाण्याचा ठेका टाळीवर बसवा

अल्बमचा शेवट बो डिडली या शिकागोच्या गायक-गिटारवादकाच्या दोन गाण्यांच्या जोडीने होतो. बो डिडलीने १९५५ मध्ये आणलेला ठेका रॉक संगीताच्या मुळाशी आहे आणि त्याचे धागे आफ्रिकेतून क्युबात व अमेरिकेत गेलेल्या तालांशी जुळतात. तो नुसता ऐकून सुटत नाही, हाताने वाजवावा लागतो.

तीनतालाच्या सोळा मात्रा मोजायची सवय ज्यांना आहे त्यांचे काम सोपे आहे. सोळापर्यंत समान गतीने मोजत राहावे आणि १, ४, ७, ११ आणि १३ या मात्रांवर टाळी द्यावी. बाकी ठिकाणी हात रिकामा. पहिल्या तीन टाळ्या सारख्या अंतराने पडतात, मग थोडा खंड, मग दोन टाळ्या, आणि पुन्हा पहिलीपर्यंत मोकळी जागा. हाताला हे बसेपर्यंत आधी संथ मोजावे. नंतर गाणे लावून त्यावर तोच ठेका धरावा. चौथ्या आणि सातव्या मात्रेवरची टाळी सरळ चालीच्या अध्येमध्ये पडते, आणि या अडखळण्यातूनच नाचावेसे वाटते. गाण्याचे स्वर जवळजवळ बदलत नाहीत; सगळे चैतन्य या पाच टाळ्यांत आहे. बारमधला बँड कार्यक्रमाच्या शेवटी असेच गाणे का काढतो, हे टाळी धरल्यावर सांगावे लागत नाही.

पायरी ९ : जोडलेली चार गाणी आणि पुढची वाट

दहा गाणी अंगवळणी पडली, की २००७ च्या आवृत्तीतल्या चार गाण्यांकडे यावे: ‘जॉनी स्ट्राइक्स अप द बँड’, ‘प्ले इट ऑल नाइट लाँग’, ‘फ्रँक अँड जेसी जेम्स’ आणि ‘हेसन डाउन द विंड’. यातले ‘प्ले इट ऑल नाइट लाँग’ अमेरिकन दक्षिणेतल्या एका मोडलेल्या शेतकरी कुटुंबाचे निर्दय चित्र आहे आणि ते दहा गाण्यांत का घेतले नाही याची मला अजूनही हळहळ वाटते. ‘हेसन डाउन द विंड’ मात्र वेगळे ठेवले ते योग्यच झाले, असे मला वाटते. एकमेकांना सोडताही न येणाऱ्या आणि धरताही न येणाऱ्या जोडप्याचे हे हळुवार गाणे त्या दणक्यात हरवले असते.

यानंतर १९७६ चा ‘वॉरन झीव्हॉन’ ऐकावा, मग ‘एक्सायटेबल बॉय’. आता त्यांतल्या सफाईचा अडथळा होणार नाही, कारण तिच्याखाली काय आहे ते कानाला माहीत झालेले असेल. त्यापुढे १९९३ चा ‘लर्निंग टू फ्लिंच’ घ्यावा. तोही लाइव्ह अल्बम आहे, पण त्यात बँड नाही. झीव्हॉन एकटा पियानो आणि गिटार घेऊन देशोदेशीच्या सभागृहांत गातो. त्यातली आणि रॉक्सीतली ‘वेअरवुल्व्हज ऑफ लंडन’ पाठोपाठ लावावी आणि पायरी ६ मधली पद्धत पुन्हा वापरावी, म्हणजे ढोल आणि बास नसताना ठेक्याचा भार त्याने आपल्या दोन हातांवर कसा घेतला आहे, हे स्पष्ट ऐकू येईल.